वर्गणीचा आकडा कर्ण्यावरून पुकारावा का?

दांडीकाठचा (धागाकर्ता)

नारळी पौर्णिमेला सिंधुदुर्ग किल्ल्याचा मानाचा नारळ समुद्राला अर्पण झाला आणि बंदर जेटीवर नारळ लढवून झाले, की मालवणात चवथीची लगबग सुरू होते आणि तिच्याबरोबर दारोदार पावतीपुस्तकेही फिरू लागतात. आमच्याकडे घरचा गणपती हाच खरा सण असला, तरी वाडीचा आणि बाजारपेठेचा सार्वजनिक गणपती, मग नवरात्र, मग दिवाळीनंतरच्या जत्रा आणि त्यांतले दशावतार असा हा देण्याघेण्याचा मोसम बराच लांबतो. माझा आक्षेप वर्गणीला नाही, तिच्या पुकाऱ्याला आहे.

गेल्या चवथीत आमच्या वाडीच्या मंडपात आरतीआधी चांगली वीस मिनिटे देणगीदारांची नावे वाचली गेली. ५,००१, २,५०१, १,१०१ असे आकडे उतरत्या क्रमाने खाली येत गेले आणि शेवटी ‘आणि इतर’ एवढ्या दोन शब्दांत निम्मी वाडी आटोपली. माझ्या शेजारी उभ्या असलेल्या एक वयस्कर बाई त्या ‘इतर’मध्ये होत्या. माटवीला (गणपतीच्या वर टांगायच्या लाकडी चौकटीला) बांधलेली कवंडळे, हरणे आणि शेरवडाची पाने त्यांनी आदल्या दिवशी पावसात भिजत रानातून आणली होती. ती माटवी मूर्तीच्या डोक्यावर सर्वांसमोर टांगलेली होती आणि खाली माईकवर आकडे चालू होते.

याच किनाऱ्यावर रापण (समुद्रात टाकून काठावरून दोराने ओढायचे मोठे जाळे) ओढली जाते. दोराला हात लावायला जो येतो, मग तो रापणीचा भागीदार असो वा नसो, त्याच्या पदरात चार मासे पडतात आणि कोणाला किती दिले हे कोणी ओरडून सांगत नाही. जिथे देण्याची अशी रीत आहे, तिथे देवापुढे रकमांची उतरंड मांडण्याची गरज का पडावी? माझ्या मते आकडे वाचणे पूर्णपणे बंद करावे. आपली मते वाचायला आवडतील, विरोधी असली तर अधिक.

जमाखर्च

मी नऊ वर्षे एका मंडळाचा खजिनदार होतो, त्यामुळे ‘विरोधी असली तर अधिक’ हे आमंत्रण माझ्यासाठीच आहे असे समजतो.

आपण ज्याला उतरंड म्हणता, त्याला मी हिशेब म्हणतो. सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाची परवानगी लागते आणि हिशेबही द्यावा लागतो. परंतु तो कागद वाडीतले कोण वाचायला जाणार आहे? वाडीला कळतो तो माईकवरचा आकडा. एका वर्षी आपल्याच विचाराच्या तरुण मंडळींच्या आग्रहाखातर आम्ही आकडे वाचले नाहीत. विसर्जन होऊन आठ दिवस झाले नाहीत तोच एक गृहस्थ बाजारात सांगू लागले, की मी दोन हजार दिले आणि पावती मात्र दोनशेची मिळाली. पावतीपुस्तकाची स्थळप्रत काढून दाखवली, त्यांची सही दाखवली, तेव्हा ते गप्प बसले. पण मधल्या दिवसांत माझ्याकडे लोक ज्या नजरेने पाहत होते, ती अजून विसरलेलो नाही. आकडा वाचला असता तर ते त्याच रात्री, सर्वांसमोर उभे राहून बोलले असते आणि प्रकरण तिथेच मिटले असते.

दुसरे असे, की नाव घेणे हे नवीन फॅड नाही. आपल्या देवळांत गाऱ्हाणे, म्हणजे देवापुढे मोठ्याने मागणे, घालताना देणाऱ्याचे नाव घेतात आणि सगळे एका सुरात ‘होय म्हाराजा’ म्हणतात. पावणीत तर देवापुढचा नारळ लिलावाला निघतो आणि दहा रुपयांपासून चढत चढत हजारावर जातो, तोही भर सभेत, हसतखेळत. पिढ्यान्‌पिढ्या त्यात कोणाचा अपमान झाल्याचे ऐकलेले नाही. मग वर्गणीचाच आकडा का टोचावा?

परळचा मालवणी

मी चाकरमानी. बारा महिन्यांत गावाला येणे चवथीचे, तेही पाच दिवस. पूर्वी रेल्वेचे आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे, आता ते ६० दिवसांवर आले आहे, आणि तरीही सकाळी आठच्या ठोक्याला मोबाइल हातात धरून बसावे लागते. प्रतीक्षायादीतच अर्धा सण संपतो. अशा माणसाने माटवीला कवंडळे कधी आणायची आणि मंडपाचे वासे कधी रोवायचे? माझ्याकडे द्यायला हात नाहीत, पैसे आहेत. ते मी देतो.

आता मनातले सांगतो. वडील गेल्यापासून आई गावी एकटी असते. मंडपात माझे नाव आणि रक्कम वाचली जाते, तेव्हा ती पुढच्या रांगेत असते आणि मागे वळून पाहत नाही, पण पदर सावरते. तेवढ्या एका क्षणात वर्षभर ‘मुलगा मुंबईत, घराकडे बघत नाही’ म्हणणाऱ्यांना उत्तर मिळते. धागाकर्त्यांना हा दिखाऊपणा वाटेल. वाटो. दूर राहणाऱ्याला गावात आपले असणे दाखवायचे दुसरे साधन कोणते आहे, ते त्यांनी सांगावे.

पाटीवाली

आमचे घर मासळीवर चालते, म्हणून या चर्चेत कोणी न काढलेला विषय काढते. वर्गणी मागितली जाते तो काळ पाहा. यांत्रिक होड्यांना १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस मासेमारी बंद. बंदी उठली तरी दर्या शांत झालेला नसतो. होडी बाहेर काढायची तर डिझेल, बर्फ, जाळ्यांची डागडुजी आणि खलाशांची उचल यांची सोय आधी करावी लागते. त्यातच नागपंचमी, नारळी पौर्णिमा आणि चवथ. म्हणजे ज्या वेळी हात सर्वांत आखडलेला, नेमक्या त्याच वेळी दारात पावतीपुस्तक.

आणि हे पुस्तक कोरे नसते. कार्यकर्ते घरात येण्याआधीच त्यावर आकडा लिहिलेला असतो. नाहीतर मागच्या वर्षीची स्थळप्रत पुढे करून ‘गेल्या वेळी ५०१ होते’ असे अगदी गोड आवाजात सांगितले जाते. ते मुलगे वाईट नाहीत, शेजारचेच आहेत, म्हणून तर नाही म्हणता येत नाही. गेल्या वर्षी माझ्या आईने पाटीखालच्या फडक्यातून घडी घातलेली शंभराची नोट काढून दिली, तिला मासळीची खवले चिकटलेली होती, आणि आकडा कमी म्हणून पावतीवर खाडाखोड करावी लागली. ती खाडाखोड तिला जास्त लागली. रक्कम वाचली जाणार नाही हे तिला ठाऊक होते, कारण ५०० च्या खालची वाचतच नाहीत.

पावणीचे उदाहरण इथे लागू पडत नाही. पावणीत बोली लावायची की नाही हे माझे मी ठरवते. पावतीपुस्तक माझ्या उंबऱ्यात येऊन उभे राहते.

आणि याच बंदीच्या दोन महिन्यांत समोरच्या घरातून तांदूळ येतो, मागच्या परसातून नारळ आणि फणसाच्या आठळ्या येतात, दुकानदार वहीत लिहून ठेवतो आणि चवथ होईपर्यंत तगादा लावत नाही. त्यांतल्या एकाचेही नाव कोणत्या फलकावर नाही.

कट्ट्यावरचा

नावे वाचा, आकडे वाचा, हवा तर संपूर्ण पावतीपुस्तक वाचा. फक्त कर्ण्याचे तोंड माझ्या खिडकीकडून फिरवा.

जमाखर्च

कोऱ्या पावतीबद्दल पाटीवालींचे म्हणणे मला मान्य आहे. आकडा आधी लिहिणे ही जबरदस्तीच आहे, आणि मी खजिनदार असताना आमच्याकडूनही ते घडले आहे.

परंतु ‘न सांगता दिलेले तेच खरे’ हा सूर मला पटत नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ या किनाऱ्यावरून गेले, तेव्हा आमच्या वाडीतली कौले आणि पत्रे उडाले, माडांनी विजेच्या तारा खाली आणल्या आणि कितीतरी दिवस दिवे नव्हते. मदत पुष्कळ आली आणि तीही चांगल्या मनाने, गाजावाजा न करता. परिणाम असा झाला, की रस्त्याकडेच्या घरांना ताडपत्री दोनदा मिळाली आणि खाडीच्या अंगाला असलेली चार घरे तशीच राहिली, कारण कोणी काय दिले याची यादीच कोणाकडे नव्हती. शेवटी आम्ही दोघे-तिघे वही घेऊन बसलो, तेव्हा कुठे वाटप मार्गी लागले. शेजाऱ्याने शेजाऱ्याला दिलेल्या नारळाला वही लागत नाही, हे खरे. तीनशे घरांचा पैसा एका हातात आला की लागते.

दांडीकाठचा (धागाकर्ता)

वहीला माझा विरोध नव्हताच. तसे वाटले असेल तर मांडणी माझी चुकली. मात्र गाऱ्हाण्याचे उदाहरण आपण दिलेत, ते माझ्याच बाजूने पडते. गाऱ्हाण्यात नाव येते, घर येते, वाडी येते, बाहेरगावी असलेल्या लेकराबाळांची राखण कर असे मागणे येते. रक्कम मात्र त्यात नसते. एक नारळ ठेवणाऱ्याला आणि सोन्याची वस्तू वाहणाऱ्याला तोच ‘होय म्हाराजा’ मिळतो. घरोघरच्या भजनांचेही तसेच. भजनी मंडळी एका रात्री पाच-सहा घरे करतात, कुठे काळ्या वाटाण्याची उसळ आणि पाव मिळतो, कुठे लाडू-करंज्या, कुठे नुसता चहा. पण चहाच्या घरी अभंग एकाने कमी झाला असे मी तरी पाहिलेले नाही.

परळच्या मालवणींना सांगावेसे वाटते, की आपल्या आईने पदर सावरला तो आकड्यासाठी की नावासाठी, हे एकदा तिलाच विचारून पाहावे. माझा अंदाज नावासाठी असा आहे. म्हणून प्रस्ताव बदलून मांडतो : माईकवर सर्वांची नावे वाचावीत, घरांच्या क्रमाने, रकमेविना. रकमांसह पूर्ण जमा आणि पूर्ण खर्च विसर्जनानंतर मंडपाच्या जागी फलकावर लावावा. आजवर जमा मोठ्याने वाचली गेली आणि खर्च कोणी वाचला नाही, ही गोष्ट तरी माजी खजिनदार नाकारणार नाहीत.

परळचा मालवणी

आईला विचारण्याची सूचना आवडली नाही, तरी विचारीन.

पण व्यवहाराचे बोलू. रकमा वाचल्या नाहीत तर त्या घटतील, हे मी माझ्यासारख्यांना ओळखतो म्हणून सांगतो. कोणीतरी ५,००१ दिले हे ऐकून दुसरा पुढच्या वर्षी तेवढेच देतो. त्यात थोडी ईर्षा आहे आणि त्याच ईर्षेवर डबलबारी, म्हणजे दोन बुवांचा भजनाचा सामना, उभी आहे. दोन बुवांचे मानधन, पखवाजवाले, मंडप, जनरेटर हे नुसत्या सद्भावनेवर येत नाहीत. डबलबारी बंद झाली तर पहिल्यांदा ओरड कोण करील? जे आज ईर्षेला नावे ठेवत आहेत तेच, आणि तेही पुढच्या खुर्चीवर बसून.

पाटीवाली

डबलबारी आम्हालाही हवी आहे. रात्रभर जागून ऐकणाऱ्यांत आमच्याच घरांतल्या बायका जास्त असतात. रकमा घटतील ही भीती अगदीच खोटी नाही. परंतु पन्नास घरांनी नाइलाजाने दिलेले पैसे आणि दहा जणांनी ईर्षेने दिलेले पैसे असे दोन ढीग वेगळे करून कोणी पाहिलेले नाही, तोवर बुवांचे मानधन कोणत्या ढिगातून निघते हे आपल्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

रविवारी मंडळाची सभा आहे. मी तीन गोष्टी मागणार आहे : पावतीवर आकडा आधी लिहू नये, मासळीवर चालणाऱ्या घरांकडे वर्गणीला चवथीनंतर, हातात दोन पैसे आल्यावर यावे, आणि ‘आणि इतर’ हे शब्द माईकवर उच्चारू नयेत. रकमा वाचायच्या की नाही यावर तुम्ही पुरुष मंडळी खुशाल भांडा.

जमाखर्च

पहिल्या गोष्टीला माझा पाठिंबा. दुसरीला विरोध, मंडपवाला आगाऊ रक्कम चवथीआधी मागतो, नंतर नाही, आणि एका धंद्याला सवलत दिली की बागायतवालेही आपले कारण घेऊन येतील. सभेत तसे बोलणार आहे.

तिसऱ्या गोष्टीसाठी जुने पावतीपुस्तक काढून मोजले. ‘आणि इतर’मध्ये १४२ नावे भरतात. ती सगळी वाचायला मी उभा राहीन, मात्र आरतीला उशीर झाला तर घरी नैवेद्य निवत ठेवून आलेल्यांना उत्तर पाटीवालींनी द्यावे.