पाळणाघरांचा खर्च सरकारने का उचलावा?

प्रश्न
पाळणाघरांसाठी सरकारी पैसा मागताना त्याला हटकून ‘गुंतवणूक’ म्हटले जाते. ज्यांच्या घरी लहान मूल नाही, किंवा ज्यांनी नोकरी सोडून मूल स्वतः वाढवले, त्यांच्या करातून हा खर्च का व्हावा, याचे अर्थशास्त्रीय उत्तर मला हवे आहे. भावनिक नको.

प्रतिसाद १
पगारातून पाळणाघराचे शुल्क वजा केले की हाती फारसे उरत नाही, म्हणून बहुधा आईच नोकरी सोडते. परंतु त्या दोन-तीन वर्षांच्या खंडाची किंमत ती पुढे अडलेल्या बढतीत आणि घटलेल्या निवृत्तिवेतनात मोजत राहते, आणि तिचा कर सरकारलाही मिळत नाही. कॅनडातील क्वेबेक प्रांताने १९९७ मध्ये दिवसाला ५ डॉलरची योजना आणल्यावर लहान मुलांच्या मातांचे नोकरीतील प्रमाण ठळकपणे वाढले.

प्रतिसाद २
वाढले खरे, पण बेकर, ग्रुबर आणि मिलिगन या अर्थतज्ज्ञांच्या २००८ च्या त्याच विषयावरील अभ्यासात वाढीव करातून खर्चाचा निम्मा भागही भरून निघाला नाही, शिवाय मुलांमध्ये चिंता व आक्रमकता वाढल्याचे दिसले. दुसरीकडे १९६२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या पेरी या पूर्वप्राथमिक शाळेच्या प्रयोगाचा वार्षिक परतावा अर्थतज्ज्ञ हेकमन व सहकाऱ्यांनी ७ ते १० टक्के काढला. मात्र तिथे गरीब घरांतील अवघी १२३ मुले अभ्यासली गेली, आणि त्यांतील निम्म्याहून कमी मुलांना प्रशिक्षित शिक्षिका व आठवड्याची गृहभेट मिळत होती; बाकीची तुलनेसाठी होती. हा आकडा सरसकट प्रत्येक पाळणाघराला चिकटवणे मला अप्रामाणिक वाटते. घरी काय मिळाले असते, यावर लाभ ठरतो.

प्रतिसाद ३
पुरवठ्याची बाजू राहूनच गेली. यंत्रे सुधारली म्हणून एका सांभाळणारीला दहा तान्ही बाळे देता येत नाहीत. एकाला भरवताना दुसऱ्याचा लंगोट ओला झालेला असतोच. इतरत्र उत्पादकतेबरोबर पगार वाढतात, तसे इथेही द्यावे लागतात, आणि सेवा महागत जाते. अर्थतज्ज्ञ बाउमोल यांनी वर्णिलेला हा ‘खर्चाचा आजार’ होय. अशा वेळी नुसते पालकांचे शुल्क कमी केले, तर प्रतीक्षायादी लांबते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. घरी राहणाऱ्या पालकाचा मुद्दा मात्र कोणीच घेतला नाही.

प्रतिसाद २
फिनलंडमध्ये सार्वजनिक पाळणाघर न वापरणाऱ्या कुटुंबांना घरसंगोपन भत्ता मिळतो. तुमचा आक्षेप त्याने बराच मिटतो, पण माता कामावर उशिरा परततात, म्हणजे पहिल्या प्रतिसादातील कराचे गणित तिथे उलटे फिरते.