मदत हवी आहे: मोटारसायकलच्या सीटवर काय टाकावं? उन्हाळ्यात चटका, हिवाळ्यात गारठा (परभणी)

नमस्कार मंडळी,

परभणी तालुक्यात आणि पुढं जिंतूर, मानवतकडच्या खेड्यांत गाई-म्हशींना कृत्रिम रेतन करायचं माझं काम आहे. गाडी १०० सीसीची साधीच. मागच्या अर्ध्या सीटवर द्रव नायट्रोजनचा छोटा जार (वीर्याच्या कांड्या गोठवून ठेवायचा) उभा बांधलेला असतो, म्हणून मला पुढची अर्धीच सीट मिळते. लांबच्या रस्त्याला माणूस जरा मागं सरकतो, बैठक बदलतो, ते मला करता येत नाही.

कामाची वेळ जनावराच्या हातात असते. सकाळी माजावर दिसलेली गाय संध्याकाळी भरवायची आणि संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या दिवशी सकाळी, असा आमच्याकडं साधा नियम. त्यामुळं मे महिन्यात संध्याकाळचा गोठा गाठायला दुपारी तीन-साडेतीनला ४२-४३ अंशांत निघावं लागतं आणि जानेवारीत सकाळचा गोठा गाठायला अंधारातच. परभणीची थंडी बाहेरच्या माणसाला खरी वाटत नाही, पण कृषी विद्यापीठातला पारा त्या दिवसांत एक आकडी होतो. त्याच दिवशी दुपारी परत ३० अंश. म्हणजे उन्हाळ्याची एक गादी आणि हिवाळ्याची एक, एवढ्यानं माझं भागत नाही. हिवाळ्यात एकाच दिवसात दोन्ही ऋतू अंगावरून जातात.

कंपनीच्या सीटचा फोम मधोमध बसलाय. तासाभरानं माकडहाड दुखतं आणि उजवी मांडी मागून सुन्न पडते. रस्ते तर तुम्हाला माहीत आहेतच. खालची काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, वरचं डांबर सरळ राहतच नाही. त्यात काळं रेक्झिन. गोठ्याजवळ सावली मिळाली तर ठीक, नाहीतर परत बसताना हात लावून बघावं लागतं.

बाजारात जे मिळतं त्याबद्दल माझं मत असं झालंय:

एका सहकाऱ्याच्या गाडीवर जेलची गादी आहे. गाडी सावलीत असली तर बसल्या बसल्या गार वाटते, सुखाची वाटते. पण उन्हात लागली की जेल तापतं, आणि एकदा तापलं की लवकर निवत नाही. पहाटे नेमकं उलटं, अंगातली ऊब ओढून घेतं. मेमरी फोम दुकानात पंख्याखाली दाबून बघितला तर फार छान, पण तो तापमानाप्रमाणं बदलतो. उन्हाळ्यात जास्तच मऊ होऊन तळाला टेकतो आणि ८ अंशांत पाटासारखा कडक. हवेच्या गाद्यांबद्दल फक्त ऐकलंय. जाळीचं थ्रीडी कव्हर स्वस्त आहे, पण त्यानं हाडाचं दुखणं कमी होतं का, की नुसता घाम वाळतो?

सीट उघडून नवा फोम भरू, की वरून काही टाकू? माझी उंची कमी आहे. सीट फार वर गेली तर जारासकट गाडी पायावर तोलणं अवघड होईल, हेही लक्षात घ्या. ज्यांनी आपल्या भागात वापरलंय त्यांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद, लातूर

दादा, मी सीटचंच काम करतो. आधी एक सांगतो, दुखणं आणि चटका हे दोन वेगळे रोग हायेत. दुखणं खालच्या फोममुळं, चटका वरच्या कापडामुळं. लोक एकाच गादीनं दोन्ही बरं करायला बघायलेत, तिथं पैसे जातात.

गिऱ्हाईक येतं आणि म्हणतं, मऊ करून द्या. मऊ फोम दुकानात बसून बघताना बरा वाटतो, पण हाडं त्यातून थेट पत्र्याला टेकतात. फोम मागताना डेन्सिटी विचारा. ४० च्या खालचा घेऊ नका. डेन्सिटी म्हणजे कडकपणा नाही. एक घनमीटर फोमचं वजन किती किलो, तो आकडा. ४० चा फोम मऊही येतो, कडकही येतो, पण हलक्या फोमसारखा लवकर बसत नाही. खाली रिबॉन्डेड फोमचा पातळ थर (तुकडे दाबून केलेला असतो तो, जड असतो) आणि वर ४० चा, असं मी करून देतो. मेमरी फोम आपल्या हवेत मी टाकत नाही, तुमचं बरोबर हाय.

उंची वाढवायची गरज नाही. मधला बसलेला फोम कापून तेवढाच नवा भरायचा. तुमची सीट टाकीकडं उतरती असेल, बहुतेक गाड्यांची असते. माणूस पुढं घसरतो आणि सगळा भार माकडहाडावर आणि मांडीच्या सांध्यात येतो. कारागिराला सांगून बसायची जागा सपाट करून घ्या. निम्मं दुखणं तिथंच जातं. शिवण मधोमध येऊ देऊ नका, बसायच्या जागेच्या बाहेर घ्या. शिवणीतून पाणी आत गेलं की फोम ते धरून ठेवतो, मग पावसाळाभर ओल.

रंग काळा नको. राखाडी किंवा मातकट घ्या, मळलेलं दिसत नाही आणि तापतं कमी.

प्रतिसाद, जालना

मी लांब फिरतो, उन्हाळ्यात आणि थंडीतही. हवेची गादी वापरलेली आहे, म्हणून तिच्याबद्दल लिहितो. दाब पसरवण्यात तिच्यासारखं काही नाही, पण हवा भरायची पद्धत समजली पाहिजे. लोक टम्म फुगवतात आणि मग डोलत बसतात. भरून वर बसायचं आणि हवा सोडत जायची. बूड खालच्या सीटला टेकणार-टेकणार, पण टेकणार नाही, बोटभर राहील, तिथं झाकण बंद.

तुमच्या हवेत तिची एक अडचण आहे. हिवाळ्यात पहाटे १० अंशांत हवा भरली आणि दुपारी ती ३० अंशांवर गेली तर आतला निरपेक्ष दाब (बाहेरच्या हवेचा दाब धरून) ७ टक्क्यांच्या आसपास वाढतो. उन्हात गाडी उभी असेल तर आणखी. तुमच्यासारखं दिवसात दहा ठिकाणी चढ-उतर करणाऱ्यानं दर वेळी हवा बघत बसावी का, मला नाही वाटत. शिवाय आपल्याकडं बाभळीचे काटे.

जाळीच्या कव्हरनं हाडाचं दुखणं जात नाही. पण उन्हाळ्यात मी त्याशिवाय निघत नाही. दोन पदरांमध्ये उभे धागे असतात, त्यातून हवा खेळते, पाणी खाली निघून जातं आणि रेक्झिनला अंग लागत नाही. घामोळ्या आणि मांड्या सोलवटणं यावर याच्याइतकं चांगलं मला काही मिळालेलं नाही. पट्टे मात्र साखळीपासून आणि सायलेन्सरपासून लांब बांधा, आणि खालून रबरी पकड असलेलंच घ्या. सरकणारं कव्हर ब्रेक दाबताना धोक्याचं.

थंडीत हीच जाळी त्रास देते, वारा खालून लागतो. मी तिच्यावर घोंगडीची दुहेरी घडी टाकतो, दोन्ही टोकांना पट्टा शिवलेला. बाहेर सीटवर मेंढीचं कातडं टाकणारे खूप जण आहेत, ती लोकरच ना? आपल्याकडं धनगरांच्या हातची खरी घोंगडी मिळते, मग बाहेरून काही मागवायचं कारण नाही. लोकर आपल्या वजनाच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल पिऊनही ओली लागत नाही. ऊन वर आलं की घडी काढून पिशवीत. घेताना बघून घ्या, लोकरीच्या नावाखाली ॲक्रिलिकही विकतात.

प्रतिसाद, नांदेड

भाऊ, मी फिजिओथेरपिस्ट आहे. मांडी सुन्न पडते म्हणालात, तेवढ्यावर बोलते. गाडीवरून उतरून चाललं की पाच-दहा मिनिटांत बरं होत असेल तर ते बहुधा दाबामुळं आहे, सीट सुधारली की कमी होईल. पण घरी बसल्यावरही राहत असेल, पायात खाली पोटरीपर्यंत जात असेल किंवा पाऊल उचलताना जोर कमी वाटत असेल, तर गादी शोधत बसू नका, आधी डॉक्टरांना दाखवा. उजवीकडंच का, हाही प्रश्न आहे. मागच्या खिशात पाकीट ठेवत असाल तर ते आजच पुढं घ्या.

जाड शिवणीची जीन्स टाळा. आतले कपडे सुती असू द्या आणि उन्हाळ्यात एक जोड बरोबर ठेवा. प्रत्येक गोठ्यावर उतरल्यावर दोन मिनिटं चाला, कंबर मागं ताणा.

प्रतिसाद, धाराशिव

मागचे शॉकअप तपासले का? खाली खाचा असतात, जार बांधल्यावर किती खाचेवर आहेत ते बघा. कडक खाचेवर असतील तर प्रत्येक खड्डा थेट कंबरेत येणार, कितीही भारी फोम भरा. जार हलका असेल तर एक खाच कमी करून बघा. मागच्या टायरची हवाही कंपनीनं सांगितली तेवढीच ठेवा, पंक्चरवाला अंदाजानं जास्त भरतो.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, सुन्नपणा चालल्यावर जातो, खाली पोटरीत उतरत नाही. पाकीट उजव्याच मागच्या खिशात असतं, आता पुढं घेतलं. शॉकअप सर्वात कडक खाचेवर निघाले. जार एवढा जड नाही, एक खाच उतरवून बघतो.

लातूरच्या दादांनी दुखणं आणि चटका वेगळे करून दिले, त्यानं माझा गोंधळ मिटला. खाली रिबॉन्डेड आणि ४० डेन्सिटीचा फोम, बसायची जागा सपाट, राखाडी कव्हर. वर जाळी कायमची. घोंगडीची घडी फक्त पहाटेपुरती. जेल आणि मेमरी फोम माझ्यापुरते बाद.

एकच विचारायचं राहिलं. जारामुळं सीटचा मागचा भाग मला सपाट आणि कडकच हवा आहे, म्हणजे जार डुलणार नाही, उभा राहील. पुढचा आणि मागचा फोम वेगळ्या कडकपणाचा भरता येतो का, की मध्ये सांधा टोचतो?

प्रतिसाद, लातूर

येतो की. मागं नुसता रिबॉन्डेड भरायचा, पुढं दोन्ही थर. सांधा सरळ कापायचा नाही, तिरका कापून एकमेकांवर चढवायचा आणि वरून १० मिलिमीटरचा एक सलग थर चिकटवायचा. टोचत नाही. सीट टाकायला येताना जार बांधायचे पट्टे घेऊन या, ते कुठून जातात ते बघूनच कापतो.