जर्मन शेफर्डचं पिल्लू घ्यायचंय वस्तीवर राखणीला, नर घेऊ की मादी?

वस्तीवरचा
नमस्कार मंडळी, आमची वस्ती संगमनेर तालुक्यात, गावापासून दीडेक किलोमीटर आत रानात. घरात आई, आम्ही दोघं नवराबायको, पोरं दोन (७ आणि ४ वर्षं), गोठ्यात तीन गाया आणि नऊ शेरडं. गेल्या वर्षभरात दोनदा विहिरीवरची मोटारीची केबल कापून नेली, दुसऱ्या वेळी तर आम्ही घरातच झोपलेलो. एक गावठी कुत्री आहे काळी म्हणून, ८ वर्षांची झाली, जीव लावणारी आहे पण आता तिला ऐकू कमी येतं आणि रात्रीची गोठ्यातच पडून असते.
ओळखीतल्या एकाकडे जर्मन शेफर्डची पिल्लं झालीत, एक नर आणि दोन माद्या राहिल्यात, रविवारी सात आठवड्यांची होतील आणि तो म्हणतो रविवारीच घेऊन जा. नराचे दोन हजार जास्त मागतोय. नर चांगला थोराड आहे, हात खाली केला की पळत येतो. एक मादी आहे ती आधी लांब बसून बघत राहते आणि मग हळूच येऊन पायाशी बसते, बायकोला तीच आवडलीय.
आईचं म्हणणं मादी नको, माजावर आली की सगळ्या शिवारातली कुत्री दारात गोळा होणार. चुलतभाऊ म्हणतो राखणीला नरच पाहिजे, मादी भित्री असते. खरंच असा फरक असतो का? ज्यांनी दोन्ही पाळलेत त्यांनी सांगा, एकदा आणलं की दहाबारा वर्षांचा प्रश्न आहे.

गोदाकाठ
दादा, मादी भित्री असते हे डोक्यातून काढून टाका आधी. आमच्याकडे नाशिकला शेफर्डचीच मादी होती, साडेनऊ वर्षं जगली. एकदा गॅस सिलेंडरवाला नवीन होता, फाटक उघडून सरळ आत आला, तर ही चावली नाही, भुंकलीसुद्धा फार नाही, माझ्या धाकट्याच्या आणि त्या माणसाच्या मधे आडवी उभी राहिली आणि त्याच्याकडे बघत राहिली. तो जागचा हलला नाही मी बाहेर येईपर्यंत. पोलिसांच्या श्वान पथकात पण नर माद्या दोन्ही असतात, भित्र्या असत्या तर घेतल्या असत्या का.
माजाचं मात्र आई म्हणतात ते खरं आहे. साधारण सहा-सात महिन्यांनी येते आणि तीन आठवडे चालतं, त्या तीन आठवड्यांत आमच्या कंपाउंडबाहेर सात-आठ कुत्री रात्रभर. आम्ही तिला माडीवर कोंडून ठेवायचो.
आणि एक चूक आमच्याकडून झाली ती सांगते म्हणजे दुसऱ्या कुणाची होऊ नये. ऑपरेशन नको वाटलं म्हणून माज येऊ नये याचं इंजेक्शन दोन-तीन वर्षं देत राहिलो, कुणीतरी सुचवलं आणि आम्ही विचारलं नाही की याने पुढे काय होतं. सातव्या वर्षी माज होऊन महिना-दीड महिना झाला असेल, ती पाणीच पाणी प्यायला लागली, बादली रिकामी करायची, जेवण बंद, पोट टम्म. पिशवीत पू झाला होता. रात्री अकरा वाजता ऑपरेशन झालं, वाचली, पण तिला त्या टेबलावर बघितलेलं अजून विसरता येत नाही. मादी घ्या, जरूर घ्या, पण नसबंदी करायचीच असं ठरवूनच घ्या.

कऱ्हाडचा पाटील
मी नरवाला. आता चौथा शेफर्ड आहे आमच्याकडे, सगळे नरच पाळले. अंगानं फरक पडतो हे खरं, नर ३० ते ४० किलो आणि मादी २२ ते ३२ च्या दरम्यान, डोकं पण नराचं मोठं, त्यामुळे लांबून बघणारा नराला जास्त बिचकतो. केबल चोरणारा काय वजन करायला येत नाही, त्याला भुंकणं ऐकू आलं आणि आडदांड आकृती दिसली की तो पुढची वस्ती बघतो.
पण नराचं दुखणं वेगळं. शेजारच्या रानात कुठेही मादी माजावर आली की ह्याचं चित्त घरात नाही. आमचा दुसरा जो होता तो ११ महिन्यांचा असताना साखळीचा हुक तोडून गेला, तीन दिवस पत्ता नाही, आम्ही ऊसातनं हाका मारत फिरतोय. चौथ्या दिवशी पहाटे आला, कान फाटलेला, पंज्यात काटे, आणि शेपूट हलवायची पण ताकद नाही. जखमा भरल्या. मग काही महिन्यांनी बघतो तर लघवीच्या जागेतून रक्ताचे थेंब पडतायत जमिनीवर. आम्हाला वाटलं मार लागला असेल. डॉक्टरांनी बघितलं तर आत फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ, म्हणाले रस्त्यावरच्या कुत्र्यांमधे असते ही, नर-मादी लागण्यातून पसरते. दर आठवड्याला एक सलाईनमधून इंजेक्शन, अशी पाच घेतली तेव्हा बरा झाला.
म्हणजे मादीची कुत्री तुमच्या दारात येतात आणि नर दुसऱ्याच्या दारात जातो, कटकट एकच आहे. आणि नर घेतला तर मोटारसायकल, चाऱ्याच्या पेंड्या, तुळशीवृंदावन, सगळ्यावर तंगडी वर होणार, आईंना आधीच सांगून ठेवा.

गोठा आणि दवाखाना
मी सातारा जिल्ह्यात पशुवैद्यक आहे, गायी-म्हशींचं काम जास्त पण कुत्री रोजच येतात. वस्तीवरचा, तुमच्या पोस्टमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अजून कुणी धरली नाही, ती म्हणजे काळी. घरात ८ वर्षांची कुत्री असताना दुसरी मादी आणली तर पिल्लू आहे तोवर काळी सोसून घेईल, पण शेफर्डची मादी दीड-दोन वर्षांची झाली की खाण्यावरून, दारातल्या जागेवरून, तुमच्या आईंच्या पायाशी कोण बसणार यावरून भांडणं लागू शकतात. आणि दोन माद्यांचं भांडण बऱ्याचदा नरांपेक्षा वाईट असतं. नर गुरगुरून, अंगावर जाऊन मिटवतात, माद्या एकदा लागल्या की सोडत नाहीत. दरवेळी असं होतंच असं नाही, पण तोवर काळी १० वर्षांची असेल आणि समोर २८ किलोची तरणी मादी, त्यात काळीचं काय होईल ते तुम्हीच बघा. नर-मादी जोडी बहुतेक वेळा सुखाने नांदते.
मात्र नर आणलात तर काळीची नसबंदी आधी. तिची झाली नसेल असं मी धरतोय. या वयात पिल्लं नकोत आणि वर गोदाकाठ ताईंनी सांगितलं ते पू होण्याचं दुखणं याच वयात येतं. रक्त तपासून घ्या, ठीक असेल तर ८ वर्षांच्या कुत्रीचं ऑपरेशन व्यवस्थित होतं.
शेफर्डच्या पिल्लाची नसबंदी मात्र घाईने करू नका, नर असो की मादी. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसच्या पशुवैद्यकांनी याच जातीवर अभ्यास केलाय, वर्षाच्या आत ज्यांची झाली त्यांच्यात सांध्यांच्या तक्रारी बऱ्याच जास्त निघाल्या. या जातीला खुब्याचा त्रास आधीच असतो. मी दोन वर्षांपर्यंत थांबायला सांगतो आणि तोवर पक्कं कुंपण. नसबंदी केल्याने राखण कमी होते हा गैरसमज आहे, भटकणं कमी होतं, राखण तशीच राहते.
आणि सात आठवड्यांचं पिल्लू उचलू नका. २०१७ च्या केंद्राच्या नियमात आठ आठवड्यांच्या आत विक्रीला बंदीच आहे. तो एक आठवडा आईपाशी राहिलं की चावा किती जोरात घ्यायचा नाही हे पिल्लू शिकतं, तुमच्या घरात ४ वर्षांचं मूल आहे म्हणून मुद्दाम सांगतोय.

मेंढवाडा
आम्ही जतकडचे, आजोबांच्या मेंढ्यांच्या कळपाबरोबर कारवानी जातीची कुत्री असायची. आजोबा पिल्लू बघायला गेले की पिल्लाकडे बघायचेच नाहीत पहिल्यांदा, आईकडे बघायचे. आई अनोळखी माणसावर भुंकते का, आणि मालकाने हाक दिल्यावर थांबते का. भुंकली नाही तरी पिल्लू नको, थांबली नाही तरी नको, आणि कोपऱ्यात दबून बसली तर वाड्याबाहेर निघून यायचे. नर-मादी हे त्यानंतरचं. तुम्ही पिल्लांबद्दल एवढं लिहिलंय पण आईबद्दल एक ओळ नाही, म्हणून म्हणतोय.
दुसरं, संगमनेर म्हणजे बिबट्याचा पट्टा. शेजारच्या अकोले भागात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचं खाणं तपासलं होतं तर त्यात सगळ्यात मोठा वाटा पाळीव कुत्र्यांचा निघाला. शेफर्ड आहे म्हणून बिबट्याला रोखेल असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, त्याला रात्री साखळीला अंगणात बांधलं तर तुम्ही ताट वाढून ठेवल्यासारखं आहे. वरून पण जाळी असलेला पिंजरा गोठ्याला लागून करा, आतून भुंकला तरी काम होतं. पिल्लाच्या आधी पिंजरा.

वस्तीवरचा
सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं कुणी सांगेल वाटलं नव्हतं. काळीची नसबंदी झालेली नाहीये, डॉक्टरसाहेबांनी बरोबर ओळखलं. तिचं आमच्या डोक्यातच आलं नव्हतं, आम्ही सगळे पिल्लाच्याच नादात.
काल परत गेलो होतो, या वेळी पिल्लांकडे न जाता आईजवळ गेलो. मी फाटकाशी उभा राहिलो तर ती उठून पुढे आली, चांगली दमदार भुंकली, अंगावरचे केस उभे. मालक आतून फक्त "बस" म्हणाला तशी थांबली, पण बसली नाही, माझ्यावर नजर ठेवून उभीच. पाचेक मिनिटांनी जवळ येऊन माझी चप्पल, पँट सगळं हुंगलं, गाईच्या वासाला जरा जास्त थांबली, मग जाऊन पिल्लांपाशी आडवी झाली. बाप पण दाखवला, तो दुसऱ्या गावात आहे, फोनवर व्हिडिओ. बापाचं मला काही कळलं नाही पण आई बघून माझी खात्री झाली.
आठ आठवड्यांचं बोललो तर आधी कुरकुरला, मग पुढच्या रविवारी देतो म्हणाला. नर घेतोय. बायकोला जरा वाईट वाटलं, ती मादी खरंच गोड आहे, पण काळीला म्हातारपणी स्वतःच्या दारात भीत राहावं लागलं तर ते तिलाही बघवणार नाही, तीच म्हणाली नर घ्या. आईला तुळशीचं सांगितलं, ती म्हणाली तुळशीला जाळी लावू.
पिंजऱ्याचं माप दहा बाय सहा धरलंय, वेल्डिंगवाला शुक्रवारी येतोय. काळीचं रक्त तपासलं, ठीक आहे, मंगळवारी सकाळी ऑपरेशन. डॉक्टरसाहेब, तिला उपाशी न्यायचं सांगितलंय पण पाण्याचं विचारायचं राहिलं, ती रात्री उठून पाणी पिते.

गोठा आणि दवाखाना
सोमवारी रात्री नऊच्या आत थोडं हलकं खायला द्या, मग काही नाही. पाणी रात्रभर राहू द्या, पहाटे उचला. आणि गोठ्यात मोकळी सोडू नका त्या रात्री, गाईच्या दावणीत उतरून खुराक खाईल, बांधून ठेवा घरात. घरी आणल्यावर टाके चाटू देऊ नका, दहा दिवस. नवीन पिल्लू तेवढे दिवस तिच्या अंगावर उड्या मारणार नाही असं बघा, शक्य असेल तर त्याला रविवारऐवजी आणखी चार दिवसांनी आणा.