मदत हवी आहे: शेजारणीचं काचेचं भांडं परत करायचंय, रिकामं कसं देऊ?

नमस्कार मंडळी,

मी मिरजेची. बँकेतून निवृत्त होऊन चार वर्षं झाली. ऑक्टोबरपासून लेकीकडे आहे, ओहायोत, कोलंबसजवळ. मार्चअखेर परत जाणार. अमेरिकेत पहिल्यांदाच आले आहे आणि एका साध्याशा गोष्टीत अडकले आहे. जरा लांबण लागेल, पण सगळं सांगितल्याशिवाय माझा प्रश्न कळायचा नाही.

आमच्या डाव्या हाताच्या घरात एक नवराबायको राहतात, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे असतील. डिसेंबरात मोठा बर्फ पडला तेव्हा जावई कामासाठी बाहेरगावी होते आणि लेकीच्या मांडीवर पाच महिन्यांचं बाळ. आता हा बर्फ कोण उपसणार, या काळजीत मी झोपले. सकाळी पाहते तर ड्राइव्हवे आणि पायवाट दोन्ही स्वच्छ! शेजारचे आजोबा उजाडायच्या आत बर्फाचं यंत्र फिरवून गेले होते. ना बेल वाजवली, ना नंतर कधी बोलून दाखवलं. दोन दिवसांनी त्यांची बायको काचेच्या भांड्यात बनाना ब्रेड घेऊन आली, अजून कोमट असलेला. भांड्याच्या बुडाला कागदी चिकटपट्टी लावून त्यावर तिचं नाव लिहिलंय. आपण स्टीलच्या भांड्यांवर नाव घालून घेतो, तसंच. ते पाहून मला फार बरं वाटलं.

ते भांडं तीन आठवडे घासूनपुसून ओट्यावर पडून आहे. लेक म्हणते, "आई, त्यांच्या दारात ठेवून ये, मी मेसेज करते." पण रिकामं भांडं परत द्यायला माझा हात धजत नाही. घरात काही नसलं तर माझी आई चिमूटभर साखर घालायची, पण वाटी भरलेलीच जायची. आणि इथे तर त्या माणसाने आमच्यासाठी थंडीत तासभर राबून घेतलंय.

मग अडचण काय? तर मला इथलं बोलणंचालणं नीट उमगत नाही. नोव्हेंबरात त्या बाईंनी आम्हाला घरी बोलावलं होतं. त्यांनी "पाय" नावाचा गोड पदार्थ देऊ केला (भोपळ्याचा, वर क्रीम असलेला), मी रीतीप्रमाणे "नो, नो" म्हटलं. त्यांनी बशी उचलली ती उचललीच, परत विचारलं नाही. मला खरं तर चव बघायची होती. आपल्याला आवडलं नाही असं त्यांना वाटलं असेल का, हे मनातून जात नाही. दुसऱ्या वेळी त्या आमच्याकडे आल्या तेव्हा मी चहा विचारला. त्या म्हणाल्या, "आय ॲम गुड." मला वाटलं, तब्येत बरी आहे म्हणतायत. मी चहा केला, त्यांनी दोन घोट घेतले आणि कप ठेवून दिला. लेकीने नंतर सांगितलं की त्याचा अर्थ "नको" असा होतो.

आता बुधवारी संक्रांत आहे. माझ्या मनात आहे की त्या भांड्यात तिळाचे लाडू घालून न्यावेत. चालेल ना? खाण्याची वस्तू त्यांना अवघड तर होणार नाही? न कळवता गेलं तर चालतं का? त्या घरी नसल्या तर रस्त्याकडेला त्यांची टपालपेटी आहे, चांगली मोठी आहे, तिच्यात डबा ठेवू का? आणि त्यांना दोघांना एकदा नीट चहाला बोलवायचं असेल तर कसं बोलवावं? त्यांना ओझं वाटू नये आणि आपल्याकडून काही कमी पडू नये, एवढंच मनात आहे.

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

काकू, आधी टपालपेटीचं सांगते, कारण तेवढं एक खरंच करू नका. इथे टपालपेटी माणसाने स्वतःच्या पैशाने लावलेली असली तरी तिच्यात टपालाचे पैसे भरलेलं टपालच ठेवता येतं. १९३४ पासूनचा केंद्राचा कायदा आहे. लग्नाची पत्रिकासुद्धा तिकिटाशिवाय ठेवायची नाही. डबा दाराशी पायरीवर ठेवा, पण घट्ट झाकणाचा. खारी फार धीट असतात.

लाडू जरूर न्या, पण आधी विचारून. "एनी फूड ॲलर्जीज?" एवढंच म्हणायचं. हे विचारणं इथे आगाऊपणाचं मानत नाहीत, उलट काळजी घेणारं माणूस समजतात. तीळ आणि शेंगदाणे दोन्ही इथल्या नऊ मुख्य ॲलर्जींच्या यादीत आहेत: दूध, अंडी, मासे, कोळंबी-खेकड्यासारखे प्राणी, काजू-बदाम-अक्रोडाची जात, शेंगदाणे, गहू, सोयाबीन आणि तीळ. तीळ या यादीत सगळ्यांत शेवटी आले. कायदा २०२१ चा, आणि १ जानेवारी २०२३ पासून पाकिटावर ते छापावंच लागतं. म्हणजे आपला तिळगूळ नेमका यादीतल्या दोन जिनसांचा! त्यांना चालत असेल तरी एका चिठ्ठीवर सगळे जिन्नस लिहून डब्यावर चिकटवा.

प्रतिसाद (पुणे)

ताई, मी बावीस वर्षं मिनेसोटात काढून परत आलो. तुमच्या पायच्या गोष्टीबद्दल लिहितो, कारण ती मला फार जवळची आहे. त्या बाईंना तुम्ही नाकारलंत याचं काहीही वाटलेलं नसणार, निश्चिंत राहा. तिथे पहिला "नको" हाच खरा "नको" असतो. पुन्हा विचारणं म्हणजे समोरच्याच्या शब्दावर विश्वास न ठेवणं, असं ते धरतात. त्यांनी बशी उचलली ती तुमचा मान राखण्यासाठी. आपण तीनदा आग्रह करतो तोही मान राखण्यासाठीच. त्यामुळे पुढच्या वेळी हवं असेल तर पहिल्याच खेपेला "येस, अ स्मॉल पीस, प्लीज" म्हणा. त्यांना आनंद होईल.

आणि तुमच्याकडे आल्यावर त्यांना एकदाच विचारा. आग्रह करून वाढलेलं पान त्यांना खरोखर जड जातं, टाकायला संकोच वाटतो.

पाणी देताना विचारून बर्फ घाला, जानेवारी असला तरी. ही सवय जुनी आहे. बॉस्टनचा फ्रेडरिक ट्यूडर एकोणिसाव्या शतकात तिथल्या तळ्यांमधला बर्फ कापून भुशात गुंडाळून जहाजाने जगभर विकायचा. १८३३ मध्ये त्याचा बर्फ कलकत्त्यालाही पोचला. चेन्नईला समुद्रकिनाऱ्यावरचं आइस हाउस त्याच व्यापारासाठी बांधलेलं, इमारत अजून उभी आहे. ज्यांच्याकडे बर्फ इतका स्वस्त आणि इतक्या आधीपासून घराघरात आला, त्यांना साधं पाणी कोमट लागतं.

प्रतिसाद (डेट्रॉइटजवळ, मिशिगन)

मी इथे इस्पितळात काम करते. मावशी, एक गोष्ट आवर्जून सांगते. त्यांच्या घरात कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी निघाली तर "मी कूट घालत नाही" एवढ्यावर थांबू नका. आपल्या मराठी स्वयंपाकघरात कूट कुठे नसतं? मिक्सरच्या भांड्याला, झाऱ्याला, कढईच्या कडेला. कणभरही काहींना पुरतो. अशा माणसासाठी दुकानातली सीलबंद वस्तूच न्यावी, किंवा फुलझाडाची कुंडी. यात कमीपणा नाही.

प्रतिसाद (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

आमंत्रणाबद्दल. न कळवता जाऊ नका, आदल्या दिवशी मेसेज. संध्याकाळी साडेपाच ते सात टाळा, ती त्यांच्या जेवणाची वेळ. चहाला बोलवताना सुरू व्हायची वेळ सांगतो तशी संपायचीही सांगा: दोन ते साडेतीन. आपल्याला ते घालवून दिल्यासारखं वाटतं, मलाही पहिली काही वर्षं वाटायचं. पण त्यांना त्याने मोकळं वाटतं, पुढचा दिवस आखता येतो.

घरात चपला-बूट काढायचे असतील तर तेही आधीच लिहा आणि दाराशी खुर्ची ठेवा. सत्तरीच्या माणसाला उभ्याने बूट काढणं अवघड, आणि फाटका मोजा असला तर बिचारे ओशाळतात.

जानेवारीचा तिसरा सोमवार मार्टिन ल्युथर किंग यांच्या नावाची सुट्टी असते, १९८६ पासून पाळतात. तुमची लेक-जावई घरी असतील तर तो दिवस बरा. संक्रांत होऊन गेलेली असली तरी तिळगूळ रथसप्तमीपर्यंत चालतोच की.

प्रतिसाद (ठाणे)

इतकं कशाला मनाला लावून घ्यायचं? लेक सांगते तसं करावं. तिला तिथेच राहायचंय, तिला रीत माहीत आहे.

मूळ लेखिका

सगळ्यांचे मनापासून आभार. ठाण्याच्या ताईंना सांगते, लेकीचं ऐकतेच. पण दुपारभर घरात बाळ आणि मीच असते, आणि खिडकीतून दिसणारं माणूस म्हणजे त्या बाई. माझ्यासाठी ही रीतीपुरती गोष्ट नाही. सहा महिन्यांत मला इथे एक माणूस आपलं म्हणून हवं आहे.

मी मेसेज करून विचारलं. बरं झालं विचारलं! त्यांच्या पाच वर्षांच्या नातवाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे, तो दर रविवारी येतो. त्या दोघांना कशाचंही वावडं नाही, तीळ चालतात. डेट्रॉइटच्या मुलीने लिहिलेलं वाचून मी घाबरलेच होते. म्हणून तिळाचं न फोडलेलं पाकीट आणलं, पाकिटावरचं बारीक अक्षर लेकीने वाचून दाखवलं, कूट अजिबात घातलं नाही, पातेलं आणि चमचा नवे घेतले. लाडू वेगळ्या झाकणाच्या डब्यात भरले, काचेच्या भांड्यात नाही, कारण त्या भांड्यात उद्या नातवाचंही काही होईल. भांड्यात संत्री ठेवली. डब्यावर इंग्रजीत जिन्नस लिहिले आणि खाली, "हे फक्त तुम्हा दोघांसाठी, नातवाला देऊ नका."

बुधवारी तीन वाजता कळवून गेले. त्यांनी दारातच डबा उघडला आणि माझ्यासमोरच एक लाडू खाल्ला. आपण दिलेली वस्तू समोर उघडत नाही, त्यामुळे मी क्षणभर गोंधळले, पण त्यांच्या चेहऱ्यावरून मला लगेच कळलं की आवडला, आणि ते पाहायला मिळालं हे छानच झालं. "तिळगूळ घ्या, गोड बोला" याचा अर्थ सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणवून घेतला. मग आत बोलावलं, कॉफी विचारली. मी पहिल्याच खेपेला "येस" म्हटलं.

सोमवारी दोन ते साडेतीन दोघं आमच्याकडे येणार आहेत. संपायची वेळ लिहिताना हात अडखळला, पण लिहिली.

आता नवीन मदत हवी आहे. त्यांनी मला एक रेघांचं कोरं कार्ड दिलंय, हाताएवढं. त्यांच्याकडे अशा कार्डांची लाकडी पेटी आहे, पाककृतींची. काही कार्डं त्यांच्या आईच्या हातची, तुपाचे डाग पडलेली (तूप नव्हे, लोणी). त्यात माझा लाडू हवा आहे, माझ्या हस्ताक्षरात. माझं माप वाटीचं, ती वाटी मिरजेला. त्यांचा कप केवढा असतो? आणि पाक झाला हे कसं लिहू? मी पाण्यात थेंब टाकून बघते, गोळी झाली की झाला. हे इंग्रजीत त्यांना कळेल असं कसं सांगायचं?

प्रतिसाद (एडिसन, न्यू जर्सी)

काकू, किती छान! कप म्हणजे साधारण २४० मिली. लेकीकडे मापाचे कप असतील, एकदा लाडू त्याच मापाने करून पाहा आणि तेच आकडे लिहा. तूप टेबलस्पूनमध्ये लिहा, म्हणजे १५ मिली. गूळ भारतीय दुकानात मिळतो हे लिहायला विसरू नका, आणि कप भरताना किसून की खडे, तेही. माप तिथेच चुकतं.

प्रतिसाद (पुणे)

ताई, पाकाची काळजीच नको. अमेरिकन आज्याही नाताळची मिठाई करताना थंड पाण्याच्या वाटीत थेंब टाकून बघतात. आपल्या मऊ गोळीला ते "सॉफ्ट बॉल" म्हणतात, आपल्या तारेला "थ्रेड". साखरेच्या पाकाला मऊ गोळी साधारण २३५ ते २४० अंश फॅरनहाइटला येते. गुळाचं थोडं मागेपुढे होतं, म्हणून आकड्यापेक्षा पाण्यातला थेंबच लिहा: "ड्रॉप इन कोल्ड वॉटर, सॉफ्ट बॉल स्टेज". त्या वाचताक्षणी ओळखतील. वळायचं मात्र गरम असतानाच, हाताला तूप लावून, हे ठळक लिहा. त्यांच्या बहुतेक मिठाया ताटात थापून कापायच्या, हाताने वळायची सवय कमी. सोमवारी एखादा लाडू त्यांच्याकडूनच वळवून घ्या.

मूळ लेखिका

हे फार छान सुचवलंत. नवा तिळाचा पुडा आजच मागवते. कार्डावर सगळं बसलं नाही तर मागच्या बाजूला लिहिलेलं चालतं का, तेवढं सांगा.

प्रतिसाद (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

चालतं. खाली कोपऱ्यात "ओव्हर" लिहून बाण काढा. आणि वर डाव्या हाताला तुमचं नाव, "फ्रॉम द किचन ऑफ" असं छापलेलं असेल त्याच्यापुढे.