आवडतं ते देवाला देताना… (अनुभव धागा)

शेवगावकर:
आज चर्चमध्ये भक्तीला बायबलमधल्या उत्पत्तीचा २२ वा अध्याय होता. अब्राहाम, इसहाक, मोरिया. देव मुलाचा बळी मागतो, बाप त्याला डोंगरावर नेतो, ऐन वेळी देव थांबवतो आणि मुलाऐवजी एडका जातो. पाळकसाहेब विश्वासावर बोलत होते आणि माझं सगळं लक्ष झुडपात शिंगं अडकलेल्या त्या एडक्याकडे. कारण चांद्या.

आमच्या गावात कापणीच्या सणाला ज्याच्याकडे जे असेल ते वेदीपुढे यायचं. बाजरी, अंडी, कोंबड्या, भोपळे. उपासना संपली की आवारातच लिलाव. त्या वर्षी पाऊस नाही, शेतात काही नाही, तर आईने माझं करडू दिलं, चांद्या. कपाळावर पांढरा ठिपका, माझ्याच हातचा पाला खायचं. "देवाला काय उरलंसुरलं द्यायचं का?" एवढंच बोलली. आमच्याच गुरुजींनी चढी बोली लावून नेलं. मग वर्षभर मी वर्गात त्यांच्या तोंडाकडे बघायचो, पाळलंय का खाल्लंय. विचारायची छाती झाली नाही.

तुमचेही अनुभव लिहा. साक्ष देतो तसं गुळगुळीत नको.

गिरीजची_पोर:
आमच्या घरातून ताई गेली. सिस्टर व्हायला. तेव्हा वसई मुंबई धर्मप्रांतातच होती (वेगळी १९९८ ला झाली), तिला पाठवलं पार कर्नाटकात. पप्पा स्टेशनवर आलेच नाहीत, वाडीत केळींना पाणी सोडत बसले. अख्खं गाव अभिनंदन करतंय आणि आई ताईच्या कपाटाला कुणाला हात लावू देईना. बायबलमधल्या हन्नाने आपल्या मुलाला, शमुवेलला, देवाला वाहिलं हे सगळे सांगतात. पण ती दरवर्षी त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून न्यायची, ते कुणी सांगत नाही. आमची आई सुके बोंबील पाठवायची. कॉन्व्हेंटभर वास 😄

पापलेटप्रेमी:
उपवासकाळात शुक्रवारी मटण बंद. म्हणून आमच्याकडे भरलं पापलेट, कोळंबीचं लोणचं, सुरमई फ्राय. माझा त्याग बघून देवालाच रडू येत असेल.

मी_पुणेकर:
ख्रिश्चन नाही, तरी विचारतो. पोराचा बळी मागणारा देव पचत नाही.

शेवगावकर:
@मी_पुणेकर चिलया बाळ पचतो? चांगुणेने तर कांडलंसुद्धा. इथे निदान हात वरच्या वर धरला.

मी_पुणेकर:
तोही नाही पचत. आजी सांगायची तेव्हा मी कान झाकायचो.

नुसती_वाचक:
पहिल्यांदाच लिहितेय, मुलगी झोपलीय तोवर. हिच्या आधी एक मुलगा होता. काचेच्या पेटीत होता, हात आत घालून बोट धरता यायचं. प्रार्थनेला आलेल्या बायका म्हणाल्या, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो असं म्हण, सोडून दे प्रभूच्या हातात. ओठ हललेच नाहीत माझे. तो गेल्यावर त्याच म्हणाल्या, तू देवाला दिलंस. मी नाही दिलं. नेलं. देणं आणि नेणं यात फरक आहे, आणि तो पुसू देणार नाही मी. चर्चला जाते अजून. मागच्या बाकावर बसते.

गिरीजची_पोर:
ताई 🙏 काही बोलत नाही. वाचलं.

केडगाव_लोकल:
@नुसती_वाचक आमच्या मुक्ती मिशनमध्ये, म्हणजे पंडिता रमाबाईंच्या संस्थेत, त्यांच्या कामाबद्दल खूप बोलतात. मला मात्र १९२१ साल आठवतं. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली, सगळं काम तिच्या हाती सोपवायचं होतं. पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई गेल्या. मधल्या महिन्यांत बायबलच्या भाषांतराची मुद्रितं तपासत होत्या. याला समर्पण म्हणायचं की हात गुंतवून ठेवणं, देव जाणे.

अहिल्यानगरी:
आणि कवी ना. वा. टिळक? १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, सर्वस्व सोडलं म्हणून आपण माना डोलावतो. त्यांच्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, कुणी विचारलं होतं? नवरा यांचा दुसऱ्या धर्मात गेला, लेकरू पदरात, माहेरचे रडतायत. पुढे त्या आपल्या मनाने ख्रिस्ती झाल्या ते वेगळं. इसहाकाच्या आईचंही तेच. पहाटे गाढवावर खोगीर चढवताना साराला उठवलं होतं का, त्या अध्यायात एक ओळ नाही.
(कुकर झाला, येते.)

नुसती_वाचक:
@अहिल्यानगरी हे कुणी प्रवचनात का बोलत नाही?

पापलेटप्रेमी:
कारण प्रवचन करणारे बहुतेक अब्राहाम असतात.

शेवगावकर:
😶

अहिल्यानगरी:
आले. आमच्याकडे लिलाव अजून होतो बरं का. मागच्या खेपेला मेथीची एक जुडी पाचशेला गेली, दोन साडूंची चुरस. घेणाऱ्याने पुन्हा वेदीवर ठेवली, पुन्हा बोली. साडू मात्र बोलत नाहीत अजून.

मी_पुणेकर:
लिलावाला बाहेरचा माणूस आला तर चालतो का?

अहिल्यानगरी:
पाकीट घेऊन या. गावरान अंडी लवकर संपतात.

केडगाव_लोकल:
@गिरीजची_पोर ते सुके बोंबील कुरिअरने येतात का? बायको विचारतेय.

गिरीजची_पोर:
येतात, पण कुरिअरवाल्याला आत काय आहे ते सांगू नका. व्यक्तिगत निरोप करते.