मदत हवी: नेव्हिगेशनची स्क्रीन देखणी झाली, पण वळण चटकन कळत नाही

कारेलीबाग_डिझाइन:
बडोद्यातल्या टॅक्सींसाठी स्क्रीन करतोय. १०.२५ इंची, १९२०×७२०, डोळ्यांपासून साधारण ७५ सेंमी. थ्रीडी इमारती, नकाशावर तरंगणारी सूचनांची अर्धपारदर्शक कार्डं, बारीक फॉण्ट. ग्राहक खूश, ड्रायव्हर वैतागलेले: गेंडा सर्कलला अटल ब्रिज या उड्डाणपुलावर चढायचं की खालून जायचं, हे रॅम्प मागे पडल्यावर समजतं. थ्रीडी काढायला ग्राहक तयार नाही. काय छाटू? मजकूर मराठी-गुजराती आहे.

सपाट_नकाशा:
थ्रीडी राहू द्या, फक्त गाडी उभी असताना आणि सरळ रस्त्यावर. वळणाच्या ३०० मीटर आधी इमारती सपाट करा, दुकानांची चिन्हं घालवा. झूम एकदाच बदला. तो सारखा आत-बाहेर झाला की अंतराचा अंदाज चुकतो.

कार्ड मात्र अपारदर्शकच हवं. मागे नकाशा सरकतो, पांढऱ्या अक्षरांखाली फिका रस्ता आला की कॉन्ट्रास्ट गेलाच. अक्षर आणि मागच्या रंगाच्या उजळपणाचं हे गुणोत्तर सगळ्यात वाईट जागीही ४.५:१ भरलं पाहिजे. डिझाइन फाइलमधल्या काळ्या पार्श्वभूमीवर मोजून उपयोग नाही.

आकडे-अक्षरांची उंची २० कोनीय मिनिटं (एक मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग) धरा. ७५ सेंमीवरून ती ४.४ मिमी, तुमच्या स्क्रीनवर सुमारे ३५ पिक्सेल. ही दिसणारी उंची आहे, फॉण्ट साइझ नव्हे! देवनागरीत शिरोरेघेपासून खालचं अंग मोजा, आणि ओळींमध्ये जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत घुसतो. फॉण्टचं बारीक वजन, म्हणजे रेघांची जाडी, रद्द; मीडियम घ्या.

रॅम्प_आधी:
ब्रिजचा घोळ रंगरंगोटीने सुटणार नाही. वरचा आणि खालचा रस्ता नकाशावर एकावर एक, त्यामुळे गाडी कुठे आहे हे जीपीएसला धड ओळखता येत नाही. रॅम्पच्या आधीच लेनचं चित्र आणि दोनच शब्द द्या: ‘ब्रिजवर चढा’ किंवा ‘ब्रिजखालून’. चुकलंच तर ‘मी खाली आहे’ असं एकच बटण, निदान १२ मिमी. मेनूत लपवू नका.

कारेलीबाग_डिझाइन:
ग्राहकाला पटवायचं कसं?

सपाट_नकाशा:
उभ्या गाडीत दाखवा. स्क्रीन दीड सेकंद उघडी, दीड सेकंद झाकलेली, असं आलटून पालटून; ड्रायव्हरची नजर अशीच रस्ता आणि स्क्रीन यांत फिरते. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ते-सुरक्षा संस्थेची २०१३ची मार्गदर्शक तत्त्वं एका नजरेला साधारण २ सेकंद आणि अख्ख्या कामात स्क्रीनकडे पाहायला एकूण १२ सेकंद धरतात. ताशी ५० किमीला २ सेकंदांत गाडी २८ मीटर जाते. चाचणी भर दुपारी घ्या, ऊन स्क्रीनवर येईल अशी गाडी लावून. एसी ऑफिसात सगळंच छान दिसतं.