भिंतीतून जाणारा चोर: नवव्या प्रकरणानंतर रस का जातो?

गंगेकाठचा वाचक
पेशवाईतल्या नाशकावर फँटसी कादंबरीचा खर्डा तयार आहे. २४ प्रकरणं, काळ १७४०. नायक चोर असून मंत्राने भिंतीतून आरपार जातो. सराफ बाजारातल्या वाड्यातून तो मणभर चांदी आणि एक मोत्यांची नथ पळवतो. खर्डा वाचणाऱ्या तिघांचंही म्हणणं एकच: वाडा, घाट, भाषा झकास, पण नवव्या प्रकरणापासून धाकधूक संपते. शेवट बदलू का?

दिंडीदरवाजा
शेवटाला हात लावू नका, गडबड पहिल्याच चोरीत आहे. तुमची खरी ताकद वाडा. तो करकरणारा जिना, तो अडसर! पण भिंतीतून जाणाऱ्याला अडसराचं काय? त्याच्या विद्येने तुमचा वाडाच निकामी केलाय.

'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाचा तिसरा अंक काढा. त्यातल्या शर्विलक या चोराकडेही जादू आहे: योगरोचना हा जादूचा लेप फासला की तो पहारेकऱ्यांना दिसत नाही, शस्त्राने इजा होत नाही. तरी भिंत त्याला हातानेच फोडावी लागते. पक्क्या विटा उपसायच्या, कच्च्या कापायच्या, मातीची भिंत भिजवायची, लाकूड चिरायचं. मापाची दोरी विसरली म्हणून जानव्याने मोजतो; बोटाला साप डसतो तेव्हा तेच जानवं बोटाला आवळतो. दार करकरू नये म्हणून पाणी शिंपडतो आणि लगेच त्या पाण्याचाच आवाज होईल म्हणून धास्तावतो. मला तर हा प्रसंग चोरकथांचा मुकुटमणी वाटतो.

तेव्हा मंत्राला दोन अटी घाला, त्याही पहिल्या तीन प्रकरणांतच. दगडातून जाता येत नाही, आणि अंगावर धातू असला की मंत्र चालत नाही. जोतं दगडी, वरचं बांधकाम विटामातीचं, म्हणजे आधी वर चढणं आलं. आत जाईल मंत्राने, पण चांदी घेऊन बाहेर पडायचं ते जिन्याने, अडसर काढून, पहारेकऱ्याच्या उशाशेजारून.

तोळामासा
मण म्हणजे ४० शेर, सुमारे ३७ किलो. एवढं ओझं घेऊन जिना उतरता येईल, पळता येणार नाही. ८ शेर पुरे.

नथ मात्र ठेवाच. सोनं त्याच रात्री मुशीत आटवलं की ओळख पुसली. मोती आटत नाहीत. मोत्यांचा आकार, पाणी, गुंफण यांवरून ज्याने नथ घडवली तो सराफ ती ओळखणारच. तुमच्या खर्ड्यात नथ चौथ्या प्रकरणात विकली जाते, तिथेच धाकधूक संपली. ती कुणीच विकत घेऊ नये.

आणखी एक: पाचव्या प्रकरणात नारोशंकराच्या देवळाची घंटा वाजते. देऊळ १७४७ चं. काळ १७६० करा.

गंगेकाठचा वाचक
अटी पटल्या, पण सतराव्या प्रकरणात तो कैदेतून भिंतीतूनच निसटतो. तो प्रसंग मग कोसळतो.

दिंडीदरवाजा
कोसळू द्या. कोठडी दगडी करा, पायात लोखंडी बेडी घाला, दोन्ही अटी एकाच जागी येतील. सुटकेसाठी आता माणूस लागेल. नथ जिची होती तिलाच त्या दाराशी आणा. बेडीची किल्ली तिच्या हातात, नथ अजून त्याच्याकडे.